ऊडनाडाटा ट्रॅक, बावीस डिसेंबर आणि पाण्याचं गणित

पत्राचा सारांश: लेखक मूळचे अकोल्याचे, गेली नऊ वर्षं ॲडलेडमध्ये. वय ३९, आयटीत नोकरी, शनिवार-रविवारी ऐंशी-शंभर किलोमीटर सायकल चालवायची सवय. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मरीपासून मार्लापर्यंतचा, साधारण ६२० किलोमीटरचा कच्चा ऊडनाडाटा ट्रॅक त्यांना तंबू घेऊन एकट्याने करायचा आहे. ऑफिस नाताळात दोन आठवडे बंद असतं आणि उरलेली रजा भारतवारीसाठी राखलेली, म्हणून २२ डिसेंबरला निघायचं ठरवलंय. 'आम्ही अकोल्याची माणसं, पंचेचाळीस अंश आम्हाला काय नवीन?' असं ते लिहितात. पत्नीचा ठाम विरोध आहे: 'तुला मरायचंच आहे का?' त्यांचे प्रश्न दोन: पत्नीला कसं पटवू, आणि रोजचं पाणी किती लिटर धरू?

---

तुमचे प्रश्न उलट्या क्रमाने घेऊ. दुसऱ्याचा हिशेब नीट मांडला की पहिला बहुधा वेगळाच दिसायला लागेल.

मरी ते विल्यम क्रीक २०४ किलोमीटर. विल्यम क्रीक ते ऊडनाडाटा साधारण तेवढंच. तिथून मार्ला २१० च्या आसपास. या प्रत्येक टप्प्यात दुकान नाही, ज्याच्या भरवशावर निघावं असा नळ नाही. मरीपासून १३० किलोमीटरवर कावर्ड स्प्रिंग्जचा तळ आहे, पण तो हिवाळी हंगामाचा. उन्हाळ्यात तो उघडा असेल असं धरून निघू नका. वाटेतले झरे नकाशावर निळे दिसतात. त्यांचं पाणी खारट-मचूळ आहे आणि बरेच झरे संरक्षित आहेत. ती वाट मुळात पाण्याच्या ओढीनेच पडलेली: आधी आदिवासींच्या व्यापारवाटा, मग १८७२ ची तारयंत्राची लाइन, मग 'घान' रेल्वे, सगळे झऱ्यांच्या रांगेला धरून गेले. पण तहानलेल्या वाफेच्या इंजिनाला चालणारं पाणी आणि तुम्हाला चालणारं पाणी यात फरक आहे.

आता आकडे. जुलै महिना धरा, म्हणजे तिकडचा हिवाळा: दिवसा २० अंशांच्या आसपास, पहाटे पाच-सहा. भरलेली सायकल, पन्हाळी पत्र्यासारखा खडबडीत रस्ता, म्हणजे दिवसाला साठ किलोमीटर. पहिला टप्पा साडेतीन दिवसांचा. पिणं, रांधणं आणि जुजबी धुणं धरून रोज सहा लिटर, म्हणजे एकवीस. वर एका दिवसाचं राखीव. झाले सत्तावीस लिटर, म्हणजे सत्तावीस किलो. जड आहे, पण दोन्ही कॅरिअरवर नीट वाटलं तर सायकल चालते.

हेच डिसेंबरात करून पाहा. चाळीसच्या वर पारा गेल्यावर फक्त सकाळचे चार-साडेचार तास सायकल मारता येते, फटफटल्यापासून दहापर्यंत. त्या वेळात तासाला एक लिटरहून जास्त घाम जातो, म्हणून तेवढ्याचे पाच लिटर. दिवसभर सावलीत नुसतं पडून राहायलाही चारेक लिटर लागतात. रात्रीचे दोन, जेवणाचा दीड. म्हणजे साडेबारा. अंतर मात्र पंचेचाळीस किलोमीटरच झालेलं असतं, म्हणून टप्पा साडेचार दिवसांचा होतो. छप्पन्न लिटर, राखीव धरून अडुसष्ट-एकोणसत्तर. आता त्या सायकलवर सत्तर किलो पाणी ठेवा आणि विचारा, ती तासाला दहाच्या वेगाने जाईल का? सहाने जाईल. म्हणजे दिवस वाढले, म्हणजे पाणी वाढलं, म्हणजे वजन वाढलं. हा हिशेब मिटतच नाही. 'रोज किती लिटर धरू' याचं डिसेंबरातलं उत्तर असं आहे की जितकं लागेल तितकं सायकलवर मावत नाही. यात तुमच्या तंदुरुस्तीचा प्रश्नच येत नाही. जास्त तंदुरुस्त माणसाला घाम उलट लवकर आणि जास्त येतो.

अकोल्याबद्दल. उन्हाची सवय ही रक्तात येणारी गोष्ट नाही. शरीर उष्णतेला सरावायला एक ते दोन आठवडे रोज उन्हात काम करावं लागतं, आणि सराव सुटला की तो तीन-चार आठवड्यांत बराचसा उतरतो. एसी ऑफिसातल्या नऊ वर्षांनंतर तुमचं शरीर ॲडलेडचं आहे. आणि दुसरं, जे आपण गावी असताना लक्षातच घेत नाही: मे महिन्यात अकोल्यात दुपारी बाराला सायकल कोण मारतं? बाजारपेठ ओस असते, माणसं वाळ्याच्या कूलरपुढे आडवी असतात, बाहेर पडलंच तर डोक्याला दुपट्टा, हाकेच्या अंतरावर लिंबाची सावली, चौकात पाणपोई. पंचेचाळीस अंश तुम्ही सहन केलेत ते या सगळ्या बंदोबस्तासकट. ऊडनाडाटात २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंशांची नोंद आहे. ऑस्ट्रेलियाचा हा उच्चांक २०२२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ऑन्स्लो गावाने गाठला, मोडला नाही. आणि हवामान खात्याचा आकडा असतो सावलीतला. तिथल्या तांबड्या गोट्यांच्या माळावर जमीन त्याहून कितीतरी जास्त तापते आणि रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते. तंबू दिवसा भट्टी होतो. झाड दिसलं तर दिसलं.

हवा पस्तीस अंशांच्या वर गेली की ती त्वचेपेक्षा गरम असते. वारा मग शरीराची उष्णता नेत नाही, आणून देतो. उरतो फक्त घाम. कोरड्या हवेत तो कपड्यावर दिसण्याआधीच उडून जातो, म्हणून 'मला फारसा घाम आला नाही' असं वाटत राहतं. संध्याकाळी शर्टावरच्या मिठाच्या रेघा खरं सांगतात. त्यात आतडी तासाला जेमतेम लिटरभर पाणी शोषतात. घाम त्याहून वेगाने जात असेल तर पाणी जवळ असूनही माणूस मागे पडत जातो. नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि डोकेदुखी, मळमळ, गोंधळ ही त्याची लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात. म्हणून रोजच्या पाण्यातलं निदान एक-दोन लिटर ओआरएसचं हवं. पुड्या संपल्या तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. मीठ अंदाजाने टाकू नका. समुद्रासारखं खारट झालं तर फायद्याऐवजी तोटा.

आणि एकटं असण्याचा खरा धोका इथे आहे. साप नाही, डिंगो नाही. उष्माघातात माणूस आधी चिडचिडा होतो, मग हट्टी, मग त्याचा निर्णय बिघडतो, आणि बिघडलाय हे त्यालाच कळत नाही. सोबतीला कोणी असेल तर तो म्हणतो, 'बस खाली, वेड्यासारखं बोलतोयस.' एकट्याला हे कोण म्हणणार? म्हणून एकट्याने नियम घरी, थंड डोक्याने, आकड्यांत लिहायचे आणि हँडलबारच्या बॅगेवर चिकटवायचे. पारा ३५ च्या वर गेला की सायकल बंद. दर तासाला थांबून शंभरातून सात-सात वजा करत पाच पायऱ्या मोजायच्या. अडखळलात तर सावली करून बसायचं, वाद नाही. उन्हात अंगावर काटा किंवा थंडी वाजल्यासारखं झालं तर त्या दिवशी पुढे जायचं नाही. पाणी एक तृतीयांश संपलं आणि अंतर एक तृतीयांश झालेलं नसेल तर तिथूनच मागे फिरायचं, 'थोडं पुढे बघू' नाही.

थांबायच्या वेळी थांबणं किती महत्त्वाचं, याचं उदाहरण याच ट्रॅकच्या परिसरातलं आहे. डिसेंबर १९९८ मध्ये ऑस्ट्रियाहून आलेल्या दोघा पर्यटकांची गाडी आयर सरोवराकाठी रुतली. तिथे पाण्याची टाकी होती. तरुणी मदत आणायला विल्यम क्रीककडे चालत गेली आणि वाटेतच मरण पावली. वाटेतून गाडीपाशी परत फिरलेला तिचा जोडीदार वाचला. सायकलवाल्यालाही तोच नियम: फ्रेम मोडली, पाणी सांडलं, पाय मुरगळला, तर सामानापाशी, रस्त्याच्या कडेला, सावली उभारून थांबायचं. विमानातून सायकल आणि चमकती ताडपत्री दिसते, चालणारा माणूस दिसत नाही.

आता महिन्याचा प्रश्न. पत्रात तुम्ही डिसेंबर हा न बदलणारा आकडा धरलाय आणि बाकी सगळं त्याभोवती बसवताय. खरंच तसं आहे का? वर्षाची रजा वीस दिवस. नाताळच्या बंदमध्ये सार्वजनिक सुट्ट्या वजा केल्या तर त्यातले सात-आठच जातात. उरतात बारा. ते सगळे भारतासाठी, हे कळण्यासारखं आहे. तिकडे आई-वडील वाट बघत असणार, आणि ती रजा कापा असं कोणी बाहेरच्याने सांगू नये. पण दक्षिण ऑस्ट्रेलियात जूनच्या दुसऱ्या सोमवारी राजाच्या वाढदिवसाची सुट्टी असते. त्या आठवड्याचे चारच दिवस रजा घेतली की शनिवार ते पुढचा रविवार, असे नऊ दिवस हातात येतात. तेही हवेच्या दृष्टीने उत्तम दिवस.

नऊ दिवसांत पूर्ण ट्रॅक होणार नाही, आणि पहिल्या खेपेला तो करूही नये. ॲडलेडहून कूबर पीडीला बस जाते. तिथून विल्यम क्रीक १६६ किलोमीटर. जायला तीन दिवस, हॉटेलात एक दिवस मुक्काम, यायला तीन दिवस, पुन्हा बस. गाडी लागत नाही, कोणाला सोडायला-आणायला बोलावावं लागत नाही, आणि रखरखीत माळ, रात्रीचं आभाळ, मैलोन्मैल कोणी नसणं, ज्यासाठी तुम्ही निघालात ते सगळं त्यात आहे. तेच पचलं तर पुढच्या वर्षी बसने थेट मार्ला, मग ऊडनाडाटा, विल्यम क्रीक, कूबर पीडी: साधारण ५८० किलोमीटर, दोन्ही टोकांना बस. सायकल खोक्यात घालून द्यावी लागते आणि जागा असली तरच घेतात, म्हणून तिकिटाआधी विचारा.

डिसेंबरच्या सुट्टीत सायकल मारायचीच तर टास्मानियाला जा. जिलाँगहून बोट, बोटीत सायकल, दिवसा वीस-पंचवीस अंश, रात्री नऊपर्यंत उजेड. तीही एकट्याने तंबूत राहण्याची तालीमच आहे, आणि तिथे चूक झाली तर पुढच्या गावात दुरुस्त होते.

तयारीत पहिलं काम स्वतःचा घाम मोजण्याचं. लघवी करून, उघड्या अंगाने वजन करा. तासभर नेहमीच्या जोराने सायकल चालवा, प्यायलेलं पाणी मोजून ठेवा, मध्ये लघवीला जाऊ नका. अंग पुसून पुन्हा वजन. ७२.० चे ७१.४ झाले आणि अर्धा लिटर प्यायलात, तर घाम १.१ लिटर. वीस अंशांना एकदा, तिसाला एकदा, असे दोन आकडे काढा. माझे वरचे आकडे सरासरीचे आहेत, तुमचे तुमच्याच शरीरावरून यायला हवेत. कच्छच्या रणात किंवा थरमध्ये जाणाऱ्यांनीही हेच करावं. दुसरं काम: सत्तावीस लिटर पाणी खरोखर लादून शुक्रवार ते रविवार घराजवळच्या कच्च्या रस्त्यावर दोन रात्री. नव्वद टक्के बिघाड तिथेच हाती लागतात असं समजा.

पाणी कधीही एका भांड्यात नाही. कोणतंही एक भांडं फुटलं तरी तीन चतुर्थांश पाणी उरलं पाहिजे. सहा-सहा लिटरच्या जाड पिशव्या पुढच्या पॅनियरमध्ये (कॅरिअरला टांगायच्या बॅगेत) तळाला, कपड्यात गुंडाळून, कारण खडबडीत रस्त्यावर पिशवी पॅनियरच्या शिवणीला घासून दोन दिवसांत भोक पडतं. बाकी फ्रेमच्या त्रिकोणात आणि मागे. झाकणाचं वॉशर तपासा. रात्रभर उलटं ठेवून घरीच कळतं. कॅरिअरवर किती किलो चालतात ते त्यावर लिहिलेलं असतं. पुढे साधारण पंधरा, मागे पंचवीस, आणि ते डांबरी रस्त्यासाठी; इथे त्याहून कमीच धरा.

पन्हाळी रस्ता सायकलचं काय करतो? बोल्ट सोडवतो. कॅरिअरचे, बाटलीच्या पिंजऱ्याचे, मडगार्डचे. निघण्याआधी प्रत्येक बोल्ट काढून त्याला निळं थ्रेडलॉकर लावा, आणि रोज संध्याकाळी तंबू लावण्याआधी पाना फिरवा, पाच मिनिटांचं काम. जास्तीचे पाच मिलिमीटरचे बोल्ट सहा, दोन होज क्लॅम्प, झिप-टाय मूठभर, मागच्या चाकाचे चार स्पोक. मडगार्ड तर घरीच ठेवा. तिथे पाऊस क्वचित पडतो, पण पडला की चिकणमाती चाकात अशी बसते की सायकल ढकलताही येत नाही. पावसानंतर रस्ता बंद करतात आणि बंद रस्त्यावर गेलात तर दंड. म्हणून आधीच्या संध्याकाळी रस्त्यांची सरकारी स्थिती बघून निघायचं आणि अडकलात तर दोन दिवस बसून काढायची तयारी ठेवायची. टायर सव्वादोन इंच रुंद. काटा म्हणाल तर आपला सराटा तिथेही आहे, अगदी तोच. ट्यूबलेस टायरचं औषध उष्णतेत भराभर सुकतं, म्हणून निघण्याआधी ताजं भरा आणि एक बाटली जवळ ठेवा. शिवाय दोन ट्यूब, आणि पंक्चरच्या सोल्युशनच्या दोन न उघडलेल्या नळ्या. एकदा उघडलेली नळी हवी तेव्हा नेमकी वाळलेली निघते, हा सगळ्या जगातला अनुभव आहे.

मुक्काम कोरड्या नाल्याच्या पात्रात करू नका, वरचा पाऊस न सांगता येतो. नाल्याकाठच्या रेड गमच्या झाडाखालीही नको. वारा नसताना त्याची जाडजूड फांदी सुटून पडते. गुरांच्या पाणवठ्यापासून अर्धा किलोमीटर तरी दूर राहा, नाहीतर गुरं पाण्यावर येत नाहीत आणि स्टेशनचा, म्हणजे तिथल्या गुरांच्या कुरणाचा, मालक रास्त चिडतो. जमीन इतकी कडक की बारीक खुंट्या वाकतात; लांब खिळे न्या. दिवसाच्या विश्रांतीला तंबू नव्हे तर तीन बाय तीन मीटरची चंदेरी ताडपत्री, एक कोपरा उलट्या सायकलच्या चाकाला बांधून. माश्यांसाठी डोक्यावरची जाळी. ही चैन नाही, जाळी नसेल तर दुसऱ्या दिवशी माणूस रडकुंडीला येतो. सायकलवाले सुती कपड्याला नावं ठेवतात, पण कोरड्या दुपारी सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि मानेभोवती ओला पंचा याला तोड नाही. रात्री मात्र गारठा असतो, तेव्हा लोकर. बाटलीला ओला मोजा चढवून सावलीत टांगा, डेऱ्याला ओलं गोणपाट गुंडाळायचो तेच. आगबंदी जाहीर झाली तर स्टोव्हवरही बंधनं येतात, म्हणून दोन दिवसांचं न शिजवता खाता येण्यासारखं हवं: पोळीसारखे रॅप, शेंगदाणे, खारा चिवडा, सातूचं पीठ. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे विसरा. पण जेवताना फोडून खायला कांद्यासारखं दुसरं काही नाही, तेवढे चार-पाच घ्या.

आता पत्नी. तुम्ही विचारता, कसं पटवू. पण त्यांचा विरोध कशाला आहे? 'तुला मरायचंच आहे का' हे वाक्य भित्रेपणाचं वाटतं, पण वरचा अडुसष्ट लिटरचा हिशेब त्यांनी न मांडता केलाय आणि उत्तर बरोबर आलंय. त्यांना पटवण्यापेक्षा त्यांच्याकडे काम द्या. गावं सोडली की मोबाइलला रेंज नाही, म्हणून दोन यंत्रं लागतील. एक उपग्रहावरून निरोप पाठवणारं, रोज संध्याकाळी 'ठीक आहे, इथे आहे' एवढं सांगायला. दुसरं ४०६ मेगाहर्ट्‌झचं पीएलबी (संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र), जीव धोक्यात असेल तेव्हाच चालू करायचं; त्याची नोंदणी ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे मोफत होते, आणि तिथे संपर्कासाठी पत्नीचा नंबर आणि प्रवासाचा आराखडा द्यायचा. वाहनवाले वाटेत थांबतात, पाणी विचारतात, जुलैत दिवसाला बऱ्याच गाड्या भेटतात. हिशेबात त्यांना धरायचं नाही.

मग दोघांनी बसून एक कागद करा. मुक्कामांच्या तारखा, दर मुक्कामाला अंदाजे ठिकाण, सायकलचा आणि तंबूचा रंग, विल्यम क्रीकच्या हॉटेलचा आणि कूबर पीडीच्या पोलिसांचा फोन. निरोप किती वाजेपर्यंत यायचा, आला नाही तर किती वाट पाहायची आणि मग कोणाला फोन करायचा, या तीन गोष्टी पत्नीने ठरवायच्या, तुम्ही नाही. एक निरोप चुकणं म्हणजे संकट नव्हे, बॅटरीही संपते. लागोपाठ दोन चुकले तर फोन, असं ठेवलं तर बहुतेकांना जमतं. त्यांनी एकाच निरोपावर फोन करायचं ठरवलं तर तसं. आणि विल्यम क्रीकला पोचलात की अंघोळीआधी तो फोन तुम्ही करा, नाहीतर तुम्ही गार काहीतरी पीत बसलेले असताना कोणीतरी विमान काढायच्या तयारीत असेल.